एकोणतीस स्थानांची संख्या : श्रद्धा आणि हिशेब

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात व्याख्यानासाठी एखादी संख्या हा विषय निवडला जावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जैन परंपरेने आपल्या वाङ्मयाचे जे चार अनुयोग मानले, त्यांपैकी एक अनुयोग गणिताशी निगडित आहे. दिगंबर परंपरा त्यास करणानुयोग म्हणते, श्वेतांबर परंपरा गणितानुयोग म्हणते. लोकाची रचना, काळाचे माप, जीवांची संख्या आणि कर्मांची स्थिती हे विषय अंकांवाचून मांडताच येत नाहीत, अशी पूर्वाचार्यांची धारणा होती. म्हणूनच स्वाध्यायाला बसलेल्या श्रावकासमोर कधी ना कधी पुढील संख्या उभी राहते :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

ही संख्या एकोणतीस अंकी आहे. मनुष्यगतीतील गर्भज पर्याप्त मनुष्यांची संख्या सांगताना तिचा निर्देश होतो. परंपरेने आर्यरक्षितांशी जोडल्या गेलेल्या अनुयोगद्वारसूत्रात ती येते आणि दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या गोम्मटसारातही येते. दोन्ही आम्नायांच्या ग्रंथांत एकच संख्या अंकाअंकाने जुळावी, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. तिच्या विशालतेने थक्क होणे स्वाभाविक आहे. परंतु ग्रंथकारांनी ती थक्क होण्यासाठी दिलेली नाही. कोणालाही पडताळून पाहता येईल अशा रीतीने त्यांनी ती मांडली आहे, आणि आजच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

संख्येची घडण

अनुयोगद्वारसूत्र ही संख्या तयार करण्याची कृती सांगते. दोन या अंकाचा वर्ग चार, हा पहिला वर्ग. चाराचा वर्ग सोळा, हा दुसरा. सोळाचा वर्ग २५६, हा तिसरा. त्याचा वर्ग ६५,५३६, हा चौथा. पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आणि सहावा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. दिगंबर करणानुयोगात शेवटच्या तीन वर्गांना पण्णट्ठी, बादाल आणि एकट्ठी अशी नावेच आहेत. सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणले की प्रस्तुत संख्या मिळते. आजच्या भाषेत ती दोनचा शहाण्णवावा घात होय, कारण पाचव्या वर्गात दोनचा गुणाकार बत्तीस वेळा आणि सहाव्यात चौसष्ट वेळा आलेला असतो.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे धान्य मागणाऱ्या चतुर माणसाची कथा सर्वांना ठाऊक आहे. चौसष्ट घरे भरण्यास लागणारे एकूण दाणे सहाव्या वर्गापेक्षा नेमके एकाने कमी भरतात. ते धान्य देणे राजाला अशक्य झाले. येथे तर त्या सहाव्या वर्गाला पुन्हा सव्वाचारशे कोटींहून मोठ्या संख्येने गुणावयाचे आहे.

गुणाकार बरोबर आहे हे कसे ओळखावे? जुन्या पिढीतील दुकानदार यासाठी नवाचा ताळा घेत असे. पाचव्या वर्गाच्या अंकांची बेरीज ५८, तिच्या अंकांची बेरीज १३ आणि अखेर ४. सहाव्या वर्गाच्या अंकांची बेरीज ८८, मग १६ आणि अखेर ७. चार सत्ते अठ्ठावीस, म्हणजे १०, म्हणजे १. आता एकोणतीस अंकी संख्येच्या अंकांची बेरीज करावी. ती १२७ येते; तिच्यापासून १० आणि अखेर १ उरतो. ताळा जुळला. ताळ्याने प्रत्येक चूक सापडत नाही, दोन अंकांची अदलाबदल झाली तर ती त्यातून निसटते. तरीही एखादाच अंक चुकीचा उतरवला गेला असेल तर तो बहुधा उघडा पडतो.

निम्मे करण्याची रीत

याच संख्येची दुसरी ओळख सूत्रकारांनी उलट्या दिशेने करून दिली आहे. जी राशी शहाण्णव वेळा निम्मी करता येते ती ही राशी, असे ते सांगतात. निम्मे करण्याच्या या क्रियेला अर्धच्छेद म्हणतात. ज्यांनी लहानपणी निमकी-पावकीचे पाढे घोकले आहेत, त्यांना हे परके वाटू नये. मोंढ्यातील जुनी मापे अर्धच्छेदावरच उभी होती. पायलीचे निम्मे अधोली, अधोलीचे निम्मे शेर, शेराचे निम्मे अच्छेर, अच्छेराचे निम्मे पावशेर. पायलीपासून पावशेरापर्यंत चार अर्धच्छेद झाले. आपली संख्या अशीच निम्मी करीत गेल्यास शहाण्णवाव्या पायरीवर नेमका एक उरतो. मध्ये कोठेही अपूर्णांक येत नाही.

या एका गोष्टीतून संख्येचे इतर गुणधर्म आपोआप निघतात. तिचा मूळ अवयव दोन हा एकच. तीन, पाच, सात अशा कोणत्याही विषम संख्येने, एक वगळता, तिला निःशेष भाग जात नाही. तिचे विभाजक एकापासून तिच्यापर्यंत बरोबर सत्याण्णव आहेत. शहाण्णवास दोननेही भाग जातो आणि तीननेही जातो, म्हणून ही राशी पूर्ण वर्ग आहे आणि पूर्ण घनही आहे. २८,१४,७४,९७,६७,१०,६५६ या संख्येचा ती वर्ग होय आणि बादालाचा ती घन होय. गोम्मटसारात तिचे वर्णन पाचव्या वर्गाचा घन असेच केले आहे. शेवटचा अंक सहा का, याचेही उत्तर सोपे आहे. दोनच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ या क्रमाने फिरतात आणि शहाण्णवास चारने भाग जातो.

अर्धच्छेदाची उपयुक्तता समजण्यासाठी जवळचे उदाहरण घ्यावे. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. दोनचा एकविसावा घात २०,९७,१५२ आणि बाविसावा ४१,९४,३०४. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या लोकसंख्येचे अर्धच्छेद एकवीस आणि वर थोडे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली. तिचे अर्धच्छेद बत्तीस आणि तेहेतीस यांच्या दरम्यान पडतात. गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंतचा एक जिल्हा आणि सारे जग यांत अवघ्या अकरा-बारा पायऱ्यांचे अंतर आहे. ग्रंथोक्त संख्या मात्र शहाण्णवाव्या पायरीवर आहे.

आचार्य वीरसेनांनी षट्खंडागमावरील धवला टीकेत, इसवी सन ८१६ च्या सुमारास, अर्धच्छेदांचे नियम वापरले आहेत. दोन राशींच्या गुणाकाराचे अर्धच्छेद हे त्या राशींच्या अर्धच्छेदांच्या बेरजेइतके असतात. आपल्या उदाहरणात बत्तीस आणि चौसष्ट मिळून शहाण्णव होतात, हे त्याचेच प्रत्यंतर. धवलेत तीनने भागण्याचे त्रिकच्छेद आणि चारने भागण्याचे चतुर्थच्छेदही आहेत. आपल्या संख्येचे चतुर्थच्छेद अठ्ठेचाळीस होतात.

अक्षरांत बांधलेले अंक

एवढी मोठी संख्या हस्तलिखितांतून शतकानुशतके शुद्ध राखणे सोपे नव्हते. लेखनिकाचा एक अंक गळाला तर संख्या बिघडणार. शिवाय तिला बोलण्यापुरते नाव देणेही कठीण होते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह रचला. त्यांनी दशमान स्थानांची चोवीस नावे दिली आणि शेवटचे स्थान महाक्षोभ म्हटले. आपली संख्या त्याच्याही पाच स्थाने पुढे जाते. अनुयोगद्वारसूत्राने आठ स्थानांचे एक यमलपद मानले आणि ही संख्या तीन यमलपदांच्या वर व चार यमलपदांच्या खाली असल्याचे सांगितले. चोवीस आणि बत्तीस यांच्यामध्ये एकोणतीस येतात, हे त्यावरून ताडून पाहता येते.

गोम्मटसाराने वेगळी युक्ती योजली. तेथे एका प्राकृत गाथेत संपूर्ण संख्या अक्षरांत गुंफलेली आहे. या रीतीत प्रत्येक व्यंजनाला अंक ठरलेला असतो. क पासून झ पर्यंत एक ते नऊ, ट पासून ध पर्यंत एक ते नऊ, प पासून म पर्यंत एक ते पाच आणि य पासून ह पर्यंत एक ते आठ. न म्हणजे शून्य. अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे, म्हणजे गाथेतील पहिले अक्षर एकक स्थानी येते. ते अक्षर त आहे, त्याची किंमत सहा. आणि संख्येचा शेवटचा अंक सहाच आहे. अंकदर्शक अक्षरांतील शेवटचे सा, त्याची किंमत सात. आणि संख्येचा आरंभ सातानेच होतो. मधली सत्तावीस अक्षरेही अशीच मोजली तर वर दिलेला प्रत्येक अंक आपापल्या जागी येतो. गाथा वृत्तबद्ध असल्याने एखादे अक्षर गळाले की म्हणताना लगेच कळते. अंक जतन करण्याचे काम अशा रीतीने पाठांतराकडे सोपवले गेले.

वीरसेनांचा आक्षेप

येथवरचे विवेचन ऐकून असे वाटेल की ही संख्या सर्वांनी एकमुखाने स्वीकारली असावी. तसे झालेले नाही, आणि या इतिहासातील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

षट्खंडागमाच्या सूत्रात पर्याप्त मनुष्यांची संख्या दोन मर्यादांमध्ये सांगितली आहे. ती सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्या वर्गाच्या खाली, तसेच कोटीचा तीनदा गुणाकार केल्यास येणाऱ्या राशीच्या वर आणि चारदा गुणाकार केल्यास येणाऱ्या राशीच्या खाली असावी. चार कोटींचा गुणाकार म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्ये. तीही एकोणतीस अंकी संख्याच आहे. परंतु आपली संख्या सात या अंकाने सुरू होते, म्हणजे ती त्या मर्यादेच्या जवळजवळ आठ पट आहे. स्थाने सारखी असली तरी मर्यादा ओलांडली गेली. वीरसेनांनी हे हेरले. एवढ्यावर न थांबता त्यांनी मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढले, इतकी माणसे त्या क्षेत्रात मावणार नाहीत असे दाखवले आणि ती संख्या अमान्य ठरवली.

तो हिशेब आज सोप्या रूपात कोणीही वहीवर करू शकतो. अढीद्वीपाचा व्यास ४५ लाख योजने आणि परिघ १,४२,३०,२४९ योजने. परिघाला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणले की क्षेत्रफळ सुमारे १६ लाख कोटी चौरस योजने येते. चार हातांचे एक धनुष्य, दोन हजार धनुष्यांचा एक कोस आणि चार कोसांचे एक योजन. म्हणजे योजनात ३२ हजार हात. क्षेत्र मापण्याचे प्रमाणयोजन याच्या पाचशे पट मोठे धरले तर एका योजनात १ कोटी ६० लाख हात होतात. सर्व क्षेत्राचे चौरस हात करून त्यांनी आपल्या संख्येस भागले, तर एका चौरस हाताला एकोणीसहून अधिक माणसे पडतात. त्यातही लवणसमुद्र आणि कालोदधी वगळलेले नाहीत. हातभर लांब आणि हातभर रुंद जागेत एकोणीस माणसे उभी राहू शकत नाहीत, हे समजण्यास पांडित्याची गरज नाही.

वीरसेन हे श्रद्धावान आचार्य होते आणि सूत्राचे भाष्यकार होते. परंपरेने चालत आलेली संख्या त्यांनी सूत्राच्या मर्यादेवर आणि क्षेत्राच्या मापावर तपासली. त्यांच्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी नेमिचंद्रांनी तीच संख्या पुन्हा गाथेत नोंदवली. म्हणजे मतभेद राहिला. परंतु तो दडपला गेला नाही. दोन्ही पक्ष ग्रंथांत शेजारी-शेजारी वाचावयास मिळतात. अनेकांत हा शब्द आपण व्याख्यानांतून वारंवार ऐकतो. पूर्वाचार्यांनी तो गणितातही आचरणात आणला होता, असे म्हणता येईल.

मोठी आणि अमर्याद यांतील भेद

आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगावयास हवी. एकोणतीस अंकी असूनही ही राशी संख्यात गणली जाते, असंख्यात नव्हे. अनुयोगद्वारसूत्रातील काळाचे माप शीर्षप्रहेलिका हे ८४ लाखांचा अठ्ठाविसावा घात आहे; त्यात चौपन्न अंक आणि पुढे एकशे चाळीस शून्ये, अशी एकूण १९४ स्थाने आहेत. तेही संख्यातच. संख्यात, असंख्यात आणि अनंत यांची फोड करताना आचार्यांनी हे बजावले की मोठेपणा आणि अमर्यादपणा एक नव्हेत. माणसाच्या कल्पनेत न मावणारी राशीही मोजता येते, फक्त मोजण्याची रीत हाती असावी लागते.

ग्रंथ आपल्यापर्यंत कसे आले

धवलेची ताडपत्रे शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे जपली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या पुढाकाराने त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड अमरावतीहून प्रकाशित झाला. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे गणिती अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील निबंध छापला गेला आणि वीरसेनांचे हे विचार गणिताच्या अभ्यासकांसमोर आले. गणितसारसंग्रह लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रकाशित केला. अमरावती आणि सोलापूर ही दोन्ही आपल्याच महाराष्ट्रातील गावे.  या कार्यामागे व्यापारी श्रावकांचे द्रव्य होते आणि विद्वानांचे परिश्रम होते.

अभिमान आणि प्रमाण

अशा वारशाचा अभिमान वाटणे योग्यच आहे. मात्र तो मोजून बाळगावा. आधुनिक लघुगणक जैनांनी नेपियरच्या आधी शोधला, असे सरसकट विधान काही वेळा व्यासपीठावरून केले जाते. १६१४ मध्ये नेपियरने प्रसिद्ध केलेली कोष्टके गुणाकार-भागाकार सुलभ करण्यासाठी होती. धवलेतील अर्धच्छेद ही पूर्ण वेळा निम्मे करण्याची गणना असून तिचा उपयोग अतिविशाल राशींची तुलना करण्यासाठी झाला. मूळ कल्पना एका जातीची आहे, कार्य वेगळे आहे. एवढे नेमकेपणाने सांगितले तरी वीरसेनांची थोरवी तसूभरही उणी होत नाही.

स्थानाभिमानालाही हीच कसोटी लागू आहे. भास्कराचार्यांचे विज्जलविड म्हणजे आपले बीड, असे अभ्यासकांच्या एका गटाचे मत आहे. दुसऱ्या बाजूस, त्यांच्या घराण्याची माहिती देणारा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. बीडकरांना पहिले मत प्रिय वाटले तरी दुसऱ्या बाजूचा पुरावा बाजूला सारता येत नाही. वीरसेनांनी परंपरेच्या संख्येला जो न्याय लावला, तो आपल्या गावाच्या कीर्तीलाही लावला पाहिजे.

पाठशाळेतील विद्यार्थ्यांना यातून एक साधा स्वाध्याय देता येईल. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून दोनपासून सहा वेळा वर्ग करावेत, पाचव्या आणि सहाव्या वर्गाचा गुणाकार करावा, नवाचा ताळा घ्यावा आणि उत्तर गाथेतील अक्षरांशी ताडून पाहावे. दोन-तीन रविवारांचे हे काम आहे. नंतर मनुष्यक्षेत्राचा हिशेब करून वीरसेनांचा आक्षेप त्यांच्यासमोर ठेवावा आणि त्यांचे मत विचारावे. गाथा पाठ करणारा विद्यार्थी परंपरा जपतो. तिच्यातील अंक स्वतः मोजून पाहणारा विद्यार्थी ती समजून घेतो. संस्थेने दोघांनाही जागा द्यावी.

व्यापारी समाजात खतावणीला मान असतो, कारण तिच्यातील प्रत्येक आकडा कोणीही तपासू शकतो. पूर्वाचार्यांनी आपल्या ज्ञानाची खतावणी अशीच उघडी ठेवली. ती वाचणे आणि तिच्यातील बेरजा पुन्हा करून पाहणे, हा त्यांच्याविषयीच्या आदराचाच एक प्रकार आहे.

जय जिनेंद्र.